थंडीत फुटणारी चिकणमाती आणि वाया जाणारे धागे: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी मी ओघात लिहून गेले होते की कॅनडातल्या मॅनिटोबात जवसाचं काड कितीतरी शेतकरी पेटवून देतात, आणि तेच काड बारीक करून चिकणमातीत मिसळलं तर हिवाळ्यात गोठून-वितळून माती फुटायची बरीच कमी होते. त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आले की आज बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी माती तपासणारी इंजिनिअर, सात हिवाळे मॅनिटोबातल्याच विनिपेग शहरातल्या लॅबमध्ये काढलेत, आता पुण्यात असते.

प्रश्न : ताई, आम्ही विनिपेगमध्ये घर घेतलंय. गॅरेजसमोर गाडी लावायची जागा आहे, खाली चिकणमाती, वर थोडी खडी. दर एप्रिलमध्ये ती मध्येच फुगते, कडेला खचते आणि चाकांचे चर पडतात. ऑफिसमधला एक जण म्हणतो जवसाचं काड कापून मातीत घाल. खरंच चालतं का, आणि किती घालायचं?

उत्तर : चालतं, पण तुमच्या दुखण्यावर तो दुसरा उपाय आहे, पहिला पाण्याचा. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पोतंभर काड कापून मातीत घालाल आणि पुढच्या एप्रिलला परत तेच चर बघाल.

तुमच्या पायाखालची माती म्हणजे अ‍ॅगासिझ नावाच्या प्रचंड मोठ्या हिमयुगीन तळ्याचा गाळ. ते तळं साधारण ८ हजार वर्षांपूर्वी आटलं आणि रेड नदीच्या खोऱ्यात कित्येक मीटर जाडीची चिकणमाती मागे ठेवून गेलं. आपल्या काळ्या मातीत जे मॉन्टमोरिलोनाइट जातीचं खनिज असतं तेच हिच्यातही आहे, त्यामुळे ओली झाली की फुगणार, वाळली की भेगाळणार. पहिल्या उन्हाळ्यात मी तिथे एका मोकळ्या प्लॉटवर उभी होते आणि भेगा बघून मला सोलापूरकडची मे महिन्यातली शेतंच आठवली. फरक एवढाच की आपल्या काळ्या मातीला फक्त पाऊस आणि ऊन सोसावं लागतं, तिथल्या मातीला वर थंडीही सोसावी लागते. बर्फ साफ केलेल्या जागेखाली माती सहा-सात फुटांपर्यंत गोठते. २०१४ च्या हिवाळ्यात तर गोठण एवढी खोल गेली की विनिपेगमधल्या हजारांहून जास्त घरांचे नळच गोठले होते.

आता एप्रिलमध्ये काय होतं ते बघा. वितळायला सुरुवात वरून होते. वरची फूट-दीड फूट माती वितळली तरी खालची अजून दगडासारखी असते, मग वितळलेलं पाणी खाली जाणार कुठून, ते वरच्याच थरात कोंडतं आणि माती लापशीसारखी होऊन बसते. त्यावर गाडीचं चाक गेलं की चर पडलाच. तिथलं सरकार दर वसंतात कितीतरी रस्त्यांवर ट्रकच्या वजनावर बंधन घालतं ते ह्याच कारणासाठी.

आणि मध्येच का फुगते? तुम्ही गाडीच्या जागेवरचा बर्फ फावड्याने काढता, कडेच्या लॉनवर तो तसाच राहतो. साचलेला भुसभुशीत बर्फ म्हणजे मातीवरची गोधडी. गोधडीखालची माती कमी गोठते, उघडी जास्त खोल गोठते, त्यामुळे दोन्हीकडचं फुगणं सारखं नसतं आणि त्या सीमेवर फट पडते.

म्हणून आधी छपराच्या पाण्याचा पाईप त्या जागेपासून किमान दोन मीटर लांब काढा, जागेला घरापासून बाहेर दोन टक्के उतार द्या म्हणजे मीटरला दोन सेंटीमीटर, वरची ३० सेंटीमीटर चिकणमाती काढून बाजूला ठेवा आणि तिच्याखाली पाणी साचून राहतं का बघा. एवढं झालं की धाग्याकडे, म्हणजे काडाच्या सालीतल्या तंतूंकडे, या.

धागा मातीत नेमकं काय करतो? चुना किंवा सिमेंट मातीशी रासायनिक खेळ करतं, धागा तसं काहीच करत नाही, तो फक्त धरून ठेवतो. गोठताना मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि ते वितळले की तिथे फटी राहतात. धागा असेल तर तो फटीच्या दोन्ही काठांत रुतलेला असतो, माती घसरायला लागली की ताणला जातो आणि तिला अडवतो. हे मी डोळ्यांनी शेकडो वेळा बघितलंय. साधी चिकणमाती दाबाखाली ठेवली की एक तिरपी भेग पडून तिचे सरळ दोन तुकडे होतात, धाग्याची माती मात्र मध्येच पिंपासारखी फुगते आणि फुगत फुगत वजन घेत राहते. भेग पडलीच तर आत वाकून बघा, दोन काठांच्या मध्ये ताणलेले धागे दिसतात, अगदी जखमेवरच्या टाक्यांसारखे.

प्रमाण कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का, त्याहून जास्तीने सुरुवात करू नका. धाग्याची लांबी एक ते अडीच सेंटीमीटर. तुमची जागा समजा ६ बाय ४ मीटर आणि थर ३० सेंटीमीटर, तर माती झाली ७.२ घनमीटर, तिथली माती दाबून बसवली की कोरडं वजन घनमीटरला साधारण १४०० किलो धरा, म्हणजे सगळी मिळून १० टन. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ५० किलो. जास्त घातलं तर जास्त मजबूत असं होत नाही. भज्यात बेसन कमी आणि कांदाच जास्त झाला की भजी तेलात सुटतात ना, तसंच, एका मर्यादेपुढे धागा धाग्यालाच टेकतो, मातीला मातीची पकड राहत नाही आणि पाण्याला आत शिरायला आयत्या वाटा मिळतात.

मिसळताना मी पहिल्या वर्षी केलेली चूक तुम्ही करू नका. मी ओल्या मातीत धागे टाकले आणि वरून मिक्सर फिरवला, अर्ध्या तासाने बघते तर धाग्यांचे लिंबाएवढे गोळे झालेले, मधली माती कोरी. धागा आधी हाताने पिंजून मोकळा करा, माती वाळवून ढेकळं फोडून घ्या, कोरडी माती पसरून त्यावर धागा थोडा थोडा भुरभुरवत उलटीपालटी करा आणि पाणी सगळ्यात शेवटी शिंपडा. मग १० ते १५ सेंटीमीटरचे थर देत ठोकून बसवा, आणि वर खडीचा चांगला २० सेंटीमीटर थर. खडीत धागा घालू नका, तिथे त्याचं काही काम नाही.

फुगणं ह्याने पूर्ण थांबणार नाही, गोठण सात फूट जाते आणि तुम्ही हात लावलाय एका फुटाला. पण वितळल्यावर वरचा थर ढिसूळ होऊन चाकाखाली पसरणं नक्की कमी होईल.

प्रश्न : मी नाशिकजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं हे मुलांना सांगतो. पण मातीत पाणी असतं थोडंसं, त्याच्या ९ टक्क्यांनी रस्ता हातभर कसा उचलला जातो?

उत्तर : सर, प्रश्न वाचून फार आनंद झाला. तुमची शंका बरोबर आहे, ९ टक्क्यांचा हिशोब लावला तर रस्ता बोटभरही नीट उचलला जाणार नाही. माती फुगते ती खालून वर खेचल्या जाणाऱ्या पाण्यामुळे.

अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास ह्यावर एक फार सुंदर प्रयोग केला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेन्झिन भरलं. बेन्झिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेलीच. म्हणजे फुगण्याचं मुख्य कारण पाण्याचं प्रसरण नाही हे तिथेच सिद्ध झालं. होतं असं की गोठण जिथपर्यंत पोचलेली असते त्या पातळीवर बर्फ खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढून घेतो, दिव्याची वात तेल ओढते तसं, आणि तिथे बर्फाचा आडवा थर जाड जाड होत जातो. एक थर झाला की थोडं खाली दुसरा. मुलांना सांगायचं तर गोठलेला नमुना उभा चिरून बघितला की आत काचेच्या पट्ट्यांसारखे आडवे पापुद्रे दिसतात, कुठे केसाएवढे, कुठे नखाएवढे जाड, आणि मधली माती मात्र पाणी ओढलं गेल्यामुळे सुकून घट्ट झालेली. वितळल्यावर हाताने दाबलं तर तिचे खडे खडे सुटतात, शिळ्या भाकरीचा काला करावा तसे.

ह्यात तीन गोष्टी लागतात, थंडी, बारीक कणांची माती आणि जवळ पाणी. बारीकमध्येही सगळ्यात वाईट पोयट्यासारखी मध्यम बारीक माती, कारण ती पाणी ओढतेही जोरात आणि वाहूही देते. चिकणमाती ओढते खूप पण तिच्यातून पाणी सरकतं अगदी हळू, म्हणून तिला वेळ लागतो, पण पाच महिन्यांच्या हिवाळ्यात वेळ भरपूर असतो. तीनपैकी एक जरी काढून घेतली तर फुगणं थांबतं, आणि आपल्या हातात त्यातलं पाणीच जास्त येतं.

प्रश्न : ताई, मी कॅनडातच सस्काटूनला राहतो. काड म्हणजे शेवटी काडच, दोन वर्षांत कुजून जाणार. मग एवढा खटाटोप कशाला, प्लास्टिकचा धागा का नको?

उत्तर : प्लास्टिकच्या धाग्यावर काम खूप झालंय आणि ते चांगलं आहे हे मी मान्य करते. इराणमधल्या दोन संशोधकांनी २०१० साली केओलिनाइट नावाच्या चिकणमातीत ३ टक्के पॉलिप्रोपिलीन ह्या प्लास्टिकचा धागा घालून गोठवून-वितळवून पाहिलं, ताकद ६० ते १६० टक्क्यांनी वाढली आणि फुगणं ७० टक्क्यांनी कमी झालं. आकडे मोठे आहेत. पण तो धागा मातीतून परत निघत नाही, तुम्ही तिथून गेलात, घर पाडलं, रस्ता उखडला तरी तो तुकडे तुकडे होत त्याच शेतात आणि नाल्यात राहतो. शेजारी काड जळत असताना मला ते पटत नाही. त्या धुराचा वास ज्याने ऑक्टोबरच्या संध्याकाळी घेतलाय त्याला कळेल मी काय म्हणते ते. शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही, ते काड इतकं चिवट असतं की पुढच्या पेरणीत अवजारांना गुंडाळलं जातं आणि जमिनीत लवकर मुरत नाही, म्हणून तो पेटवतो. दक्षिण मॅनिटोबात सिगारेटच्या कागदासाठी हेच काड विकत घेतलं जायचं, म्हणजे धागा चांगला आहे हे तिथे कधीपासून माहीत आहे.

कुजण्याचं म्हणाल तर तुमच्या थंडीने माती फुटते, पण तीच थंडी धागा टिकवतेही. पुण्यात पावसाळ्यात तागाचं पोतं मातीत पुरलं तर वर्षभरात हाताला चिंध्या लागतात. तुमच्याकडे वरची माती वर्षातले चार-पाच महिने गोठलेली, त्या काळात जंतू जवळपास झोपलेले. शिवाय नीट दाबलेल्या चिकणमातीत हवा कमी, त्यामुळे कुजणं अजून मंद. तरी उन्हाळ्यात माती कोमट आणि ओली असते तेव्हा काम चालूच असतं, त्यामुळे कायमचा टिकेल असं मी कधीच म्हणणार नाही.

कुठला धागा किती टिकणार हे मुख्यतः लिग्निनवर, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या आणि सहजी न कुजणाऱ्या घटकावर, ठरतं. नारळाच्या काथ्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास, तागात साधारण १२, आणि जवसाच्या सालीच्या धाग्यात दोन-तीनच. म्हणजे जवसाचा धागा ओढायला भयंकर मजबूत पण कुजायला पुढे, काथ्या ताकदीला कमी पण टिकायला दांडगा. जवसाच्या धाग्यावर उकळलेलं जवसाचंच तेल चोळून आठवडाभर वाळवलं तर तो पाणी कमी पितो, आणि पाणी कमी प्यायला की फुगून-आकसून मातीपासून सुटायचाही कमी. हा फायदा मला कुजण्यापेक्षा मोठा वाटतो, कारण बऱ्याचदा धागा कुजायच्या आधीच ढिला होतो.

म्हणून जिथे पहिली तीन-चार वर्षंच महत्त्वाची आहेत, म्हणजे नवीन बांध, उतार, शेतरस्ता, किंवा जिथे माती कोरडी राहणार आहे, म्हणजे भिंत, तिथे नैसर्गिक धागा निःशंक वापरा.

प्रश्न : घराच्या पायाखाली वापरला तर?

उत्तर : नाही. पायाचं वजन खूप खोल जातं, धागा असतो वरच्या हातभर थरात. विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १९१३ साली धान्याचं एक प्रचंड कोठार पहिल्यांदा भरताना ह्याच चिकणमातीत एका बाजूला जवळपास २७ अंश कलंडलं होतं, खालची मऊ माती बाजूला सरकली म्हणून. पुढे ते खालून खोल आधार देऊन सरळ केलं. तिथे वरच्या थरात कितीही धागे असते तरी उपयोग झाला नसता. पायासाठी गोठणीच्या खाली जा, दुसरा रस्ता नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी काळी माती, काथ्या आणि गोठवणं-वितळवणं घेतलंय. आमच्याकडे कोल्ड रूम नाही, घरचा डीप फ्रीजर आहे. चालेल का?

उत्तर : चालेल गं, आणि विषयही छान घेतलायस. थोडं लांब लिहिते कारण ह्याच चुका मी दरवेळी बघते.

तुझा नमुना ३८ मिलीमीटर व्यासाचा आणि ७६ उंचीचा असणार, आयएस २७२० ह्या माती-चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या भाग १० प्रमाणे, म्हणजे बाजूने आधार न देता नमुना दाबून फोडायची चाचणी. त्याचं घनफळ ८६ घनसेंटीमीटर, कोरडी माती साधारण १३० ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का धागा ०.६५ ग्रॅम, चिमूटभरच. किराणा दुकानातल्या काट्यावर हे मोजता येणार नाही, दोन दशांशाचा काटा मिळव. एका नमुन्यात दोन काड्या जास्त पडल्या तरी निकाल इकडचा तिकडे होतो. धाग्याची लांबी १० ते १२ मिलीमीटरच ठेव, ३० मिलीमीटरचा धागा ३८ च्या साच्यात घातलास तर तो आडवाच बसणार आणि तुला धाग्याची ताकद दिसणार नाही, साच्याची करामत दिसेल.

धागा घातला की मातीला पाणी थोडं जास्त लागतं आणि घनता थोडी उतरते, म्हणून भाग ७ ची प्रॉक्टर चाचणी, म्हणजे किती पाण्यावर माती सगळ्यात घट्ट बसते ते बघायची, प्रत्येक प्रमाणासाठी वेगळी कर, कोऱ्या मातीचा आकडा सगळीकडे वापरू नकोस. ही एकच गोष्ट विसरल्यामुळे वर्षभराचं काम वाया गेलेलं मी पाहिलंय.

नमुना झाला की प्लास्टिकमध्ये दोन पदरी गुंडाळ, कारण फ्रीजर पाणी शोषून घेतो आणि मग तू गोठणं मोजतेस की वाळणं तेच कळत नाही. फ्रीजर उणे १८ ला, २४ तास. मग बाहेर काढून ओल्या फडक्याच्या डब्यात २३-२४ तास. हे एक चक्र. शून्य, १, ३, ५, ७, १० आणि १२ चक्रांनंतर प्रत्येकी तीन नमुने फोड. बहुतेक चिकणमातीत पडझड पहिल्या पाच-सात चक्रांतच होते, पुढे रेषा सपाट होत जाते, म्हणून सुरुवातीचे टप्पे जवळ जवळ घे. प्रत्येक वेळी वजन आणि व्हर्नियरने उंची-व्यास लिहून ठेव.

आणि प्रोजेक्टच्या लिखाणात एक गोष्ट स्पष्ट लिही की तुझा नमुना बंद आहे, त्याला खालून पाणी मिळत नाही आणि तो सगळीकडून एकदम गोठतो. खऱ्या जमिनीत गोठण वरून खाली उतरते आणि खालून पाणी येत राहतं. त्यामुळे तुझ्या प्रयोगावरून ताकद किती टिकली हे सांगता येईल, रस्ता किती फुगेल हे नाही. परीक्षकांनी हे विचारायच्या आधी तूच सांग.

फोडलेले नमुने लगेच टाकू नकोस. भेगेचा फोटो काढ, धागे तुटलेत का नुसते उपटून आलेत ते भिंगाखाली बघ. उपटून आले असतील तर पकड कमी पडतेय, तुटले असतील तर धागाच कमजोर आहे, आणि ह्या दोन दुखण्यांना औषधं वेगवेगळी लागतात.

प्रश्न : मॅडम, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या लेहला बांधकामावर सुपरवायझर आहे. इथे मातीच्या विटांची घरं आहेत, आम्हीही तशीच खोल्यांची एक रांग बांधतोय. गिलावा दुसऱ्या वर्षीच पापुद्रे धरून सुटतो. गव्हाचा भुसा मागवावा का?

उत्तर : भुसा मागवायच्या आधी शेजारच्या जुन्या घरांकडे नीट बघा. लेहचा राजवाडा सतराव्या शतकातला आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यांत मातीच्या विटा आहेत. ही माती टिकली कारण लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम १०० मिलीमीटर. कोरडी माती कितीही गोठली तरी तिचं फारसं बिघडत नाही. पण साडेतीन हजार मीटर उंचीवर हिवाळ्यातही दिवसा ऊन कडक लागतं आणि रात्री पारा उणे १५-२० पर्यंत जातो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवर जिथे ओल आहे तिथे गोठणं-वितळणं जवळपास रोज. विनिपेगची माती नोव्हेंबरात गोठली की बहुतेक मार्चपर्यंत गोठलेलीच, तुमच्या भिंतीला तेवढ्या काळात कितीतरी फेरे होतात. त्यामुळे तुमचा गिलावा कुठे सुटतोय ते बघा. माझा अंदाज, जोत्याजवळचा दीड-दोन फूट आणि छपराच्या कडेखाली, जिथे बर्फ साचून वितळतो. जोतं दगडाचं आणि उंच घ्या, छपराची कड बाहेर काढा, बर्फ पडला की छपरावरून लगेच ओढून टाका आणि भिंतीच्या पायाशी त्याचा ढीग लावू नका. २०१० च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीने लेहला काय केलं ते तुम्ही ऐकलं असेलच, त्यामुळे आता पाऊस नाही असं धरून बांधता येत नाही.

धागा गिलाव्यात हवाच, पण गव्हाचा भुसा खालून ट्रकने वर आणणं मला चुकीचं वाटतं, आणि तिथलं सातूचं काड तर त्याहून. लडाखमध्ये काड म्हणजे जनावरांचा हिवाळ्यातला घास, त्याला वाया जाणारं म्हणताच येत नाही. तिथे खरंच वाया जाणारं काय आहे? पश्मिना वेगळी केल्यावर उरणारे शेळीचे जाड राठ केस, सुतारकामाचा भुसा, विलो आणि पॉप्लरच्या फांद्यांची साल. राठ केस दोन-अडीच सेंटीमीटरचे कापून घ्या, मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का. गारा आपल्या गावाकडे तुडवतात तसाच तुडवा आणि दोन-तीन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्या, मुरला की तो थापीला चिकटून येतो आणि हाताला लोण्यासारखा लागतो. पहिला थर जाड आणि जास्त केसांचा, खरडून खरखरीत ठेवलेला, दुसरा पातळ. हे सगळं ऑगस्टअखेर उरकलं पाहिजे. ओला गिलावा पहिल्या गोठणीत सापडला तर आत कितीही केस असू देत, तो सुटणारच.

चीनच्या गान्सू प्रांतात, जिथे हिवाळा तुमच्यासारखाच कोरडा आणि कडक असतो, हान राजवटीतल्या लांबच लांब भिंतीत बोरूसारखं गवत आणि झावाच्या फांद्या मातीच्या थरांमध्ये घातलेल्या आहेत. दोन हजार वर्षं झाली, अजून त्या थरांची टोकं भिंतीतून बाहेर आलेली दिसतात.

प्रश्न : आमचा माणदेशात घोंगड्यांचा बचत गट आहे. दख्खनी मेंढीची लोकर कोणी घेत नाही, कातरून टाकून द्यावी लागते. ताई, ही थंड प्रदेशात मातीसाठी पाठवता येईल का?

उत्तर : ताई, लोकर टाकून द्यावी लागते हे वाचून वाईट वाटलं, आणि पाठवू नका असं सांगताना अजून वाईट वाटतंय. जिथे थंडी आहे तिथे मेंढ्याही आहेत आणि त्यांचीही जाडीभरडी लोकर पडूनच असते. वाहतुकीतच सगळे पैसे जातील.

पण तुमच्या लोकरीचं गावातच काम आहे. स्कॉटलंडच्या मातीत पाव टक्का लोकर आणि समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट घालून विटा करून पाहिल्यात आणि त्या चांगल्या झाल्यात, आणि लोकरीचा फायदा थंडीपुरता नाही, वाळताना पडणाऱ्या भेगाही ती धरते. तुमच्याकडच्या धाब्याच्या घरांना आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींना नेमकं हेच दुखणं आहे. लोकर कोमट पाण्यातून एकदा काढा म्हणजे मेंढीचा घाम आणि चिकटा जाईल, वाळवून पिंजून घ्या, कात्रीने बोटाच्या दोन पेरांएवढी कापा. १०० किलो कोरड्या मातीला पाव किलो पुरते. आधी एका भिंतीचा एक हात तुकडा लोकरीचा आणि शेजारचा बिनलोकरीचा करून एक उन्हाळा जाऊ द्या. चुन्यात मात्र लोकर घालायची नाही, चुना तिला खाऊन टाकतो.

प्रश्न : चुना आणि धागा एकत्र वापरायचा असेल तर थंडीत काय काळजी घ्यायची?

उत्तर : वरच्या उत्तरातला धागा पकडून सांगते. चुन्याने मातीचं पाणी चांगलंच कडक अल्कली होतं, लोकर आणि केस त्यात टिकत नाहीत, तागही लवकर मऊ पडतो, काथ्या बराच तग धरतो. आणि चुन्याचं काम उबेत चालतं, पारा ५ अंशांच्या खाली गेला की ते जवळपास थांबतं. म्हणून पहिल्या गोठणीच्या निदान महिनाभर आधी काम संपवा. चुन्याने माती कडक होते पण ठिसूळही होते, एकदम तडकते, तिथे काथ्या तिला सांभाळून घेतो, म्हणून जोडी चांगली आहे.

प्रश्न : सलूनमधले केस?

उत्तर : ताकदीला चांगले, पण गुळगुळीत असतात म्हणून मातीतून निसटतात, आणि मिसळताना गुंता फार. घरातल्या भिंतीच्या गिलाव्यात थोडे घालून बघा, रस्त्याला नकोत.

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्गात काथ्याच्या दोऱ्या आणि जाळ्या करतो. थंड देशांत उतारावर ह्या जाळ्या वापरतात असं ऐकलं. खरं आहे का, आणि त्यांना कशी जाळी लागते?

उत्तर : खरं आहे. २०२० साली केंद्र सरकारने ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी काथ्याचं जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीत घालायचं जाळीदार कापड, मान्य केलं तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली, पण नदीकाठ आणि रस्त्याकडेचे उतार धरायला कॅनडा, युरोपात काथ्याची जाळी बऱ्याच वर्षांपासून जाते, मुख्यतः केरळ आणि श्रीलंकेतून.

थंडीत उताराचं दुखणं वेगळं असतं. वसंतात वरची वीतभर माती वितळून चिखल होते आणि खालच्या गोठलेल्या थरावरून साय सरकावी तशी अख्खी खाली येते. जाळी ती साय धरून ठेवते, पण नुसती अंथरून चालत नाही. वरच्या टोकाला एक चर खणून त्यात जाळीची कड पुरावी लागते, आणि मीटर-मीटरवर खुंट्या ठोकाव्या लागतात. तिथे विलोच्या ओल्या फांद्याच खुंट्या म्हणून ठोकतात, त्या पुढे फुटतात आणि मुळं धरतात. काथ्या तीन-चार वर्षांत हळूहळू जातो तोपर्यंत मुळांनी उतार ताब्यात घेतलेला असतो.

जाळीचं म्हणाल तर डोळे साधारण दोन सेंटीमीटरचे, म्हणजे त्यातून गवत वर येऊ शकेल. दोरी घट्ट पिळाची, आणि गाठी सरकता कामा नयेत. तुमची एक जाळी घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा, तशीच ओली डीप फ्रीजरमध्ये गोठवा, बाहेर काढून वितळू द्या, असं दहा वेळा करा आणि मग एका डोळ्यातून बोट घालून ओढा. गाठ सरकली तर पीळ वाढवा, नाही सरकली तर तोच तुकडा, दहा वेळा गोठवलेला, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवा.